आमच्या परसातले सीताफळ

स्मरणिकेसाठी घरच्या बागेविषयी काही लिहा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आमच्या परसात बाग म्हणावी असे काही नाही. एक सीताफळाचे झाड आहे, आणि तेही मी लावलेले नाही. पण त्या झाडाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला थोडा आमच्या घरचा आहे.

वनवासातल्या सीतामाईवरून या फळाला नाव पडले, असे लहानपणी आम्हांला सांगत. यवतमाळकडच्या मुरमाड टेकड्यांवर कोणी न लावता वाढलेली सीताफळे पाहिली की ते खरेच वाटे. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र म्हणतात, हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते इकडे आले. पपई, मिरची, काजू आणि आपण ज्याला जाम म्हणतो तो पेरू, ही सारी त्याच वाटेची पाहुणी. आपल्या उपवासाच्या ताटातले बटाटे, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंदसुद्धा तिकडलाच! मग उपवासाला उरले काय, हे भगिनींनीच ठरवावे.

तरी वाद अगदी मिटलेला नाही. भारहूतचा स्तूप उजेडात आणणारे कनिंगहॅमसाहेब यांनी 1879 च्या आपल्या ग्रंथात तिथल्या शिल्पांत सीताफळ दिसते असे लिहिले. दुसऱ्या विद्वानांनी ते मानले नाही. दगडातले खवल्याखवल्यांचे फळ काहीही असू शकते. पुढे उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा येथील उत्खननात सीताफळाची जळकी बी सापडली, आणि ती कोलंबसाच्या कितीतरी आधीची असल्याचा निबंध 2009 साली प्रसिद्ध झाला. तोही सर्वांना पटलेला नाही. मला स्वतःला पोर्तुगीजांची हकीकत अधिक संभवनीय वाटते. परक्या मुलखातून आलेल्या झाडाला आपल्या बायकांनी सीतेचे नाव द्यावे, यात मला कमीपणा वाटत नाही.

आमचे झाड माझ्या आतेसासूबाईंनी लावले. त्यांना सासरहून परत पाठवले होते. का, ते घरात कोणी बोलत नसे. परसातल्या खोलीत त्या राहत. 1972 च्या दुष्काळी वर्षात, खाल्लेल्या फळाच्या बिया त्यांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर टाकल्या. सीताफळाचे बी उगवायला फार वेळ घेते, महिनाभर नुसती माती पाहावी लागते. पाचसहा रोपांतले एक जगले आणि चौथ्या वर्षी फळाला आले. दिवाळीच्या सुमारास त्या टोपली घेऊन बाजाराला जात. तेवढाच त्यांचा हातखर्च. भावांपुढे हात पसरायला नको.

1983 साली वाटणी झाली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीलाही वाटा दिलेला होता. पण हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची, ही घरोघरची रीत. आमच्याकडेही तेच झाले. आतेसासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘मले काही नको. त्या झाडाखालची जागा तेवढी राहू द्या.’ ती अट कागदावर कोणी लिहिली नाही. त्या दिवशी साक्षीदारांना चहा मी केला होता. 2005 साली मुलींना जन्मतःच मुलांइतका हक्क मिळाला, तेव्हा तो कागद बावीस वर्षांचा झाला होता, आणि अशा जुन्या वाटण्यांना नव्या कायद्याने हात लावला नाही.

झाडाचे पाहणे पुढे माझ्याकडे आले. फुले पुष्कळ, फळे मोजकी, अशी त्याची रड होती. कारण उशिरा कळले. याच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे बारीक भुंगेऱ्यांवाचून काम अडते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या झळांनी फुले गळतात ती वेगळीच. आता मी पाऊस लागला की सकाळी लवकर पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग मऊ कुंचल्याने अर्धवट उमललेल्या फुलांना लावते. नातवंडे हसतात, पण फळे भरदार धरतात. पानगळीनंतर, फेब्रुवारीत, वाळक्या व दाटीच्या फांद्या छाटते, कारण फूल नव्या फुटीवर येते. खोडाला चिकट पट्टा बांधला की मुंगळे चढत नाहीत, आणि त्यांच्या आसऱ्याने वाढणारा पिठ्या ढेकूणही आटोक्यात राहतो. बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावण्याची जुनी चाल आहे, ती मात्र सोडावी. डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते.

आपल्याच जिल्ह्यात, राळेगावजवळ रावेरीला एकट्या सीतेचे मंदिर आहे. शेजारी राम नाही. टाकलेली सीता इथे बाळंत झाली, तिने गावात पसाभर गहू मागितले, ते कोणी दिले नाहीत, आणि तिच्या शापाने गावात गहू पिकेना, अशी कथा आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या पुढाकाराने या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. बायकोच्या नावे जमीन करून द्या, अशी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक शेतकऱ्यांना देणारे तेच.

मंदिर नवे झाल्यावर मी आतेसासूबाईंना तिथे नेले. त्या फार थकल्या होत्या. पदरात झाडाची दोन फळे होती, ती त्यांनी सीतेपुढे ठेवली. बाहेर आल्यावर एका बाईला विचारले, ‘आता इथं गहू पिकते का, बाई?’ ती म्हणाली, ‘पिकते ना, नवं बियाणं आल्यापासून पिकते.’

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या, आणि एसटी चुकेल म्हणून मला घाई करू लागल्या.

त्यांना जाऊन काही वर्षे झाली. औंदा धाकट्या दिरांच्या मुलांना तिथे गाडीसाठी शेड हवी आहे. जागा कागदोपत्री आम्हां सगळ्यांची आहे. मी अजून सही केलेली नाही.