गुणगुण घालवणारी दोन वेटोळी

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राच्या मांडवात कार्यक्रम सुरू होण्याआधी जाऊन बसले, की एक आवाज बऱ्याचदा कानावर पडतो. गिटारवादकाने अजून तारेला हातही लावलेला नसतो, पण ध्वनिवर्धकातून ‘घूंऽऽ’ अशी संथ गुणगुण चालू असते. आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि वायरींमधून वाहणारा ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. ते क्षेत्र गिटारमधल्या वेटोळ्यात शिरते आणि आपल्याला ऐकू येते.

अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असते, म्हणून तिथली गुणगुण थोडी वरच्या पट्टीतली. ती बंद करण्यासाठी तिथल्या एका तंत्रज्ञाने १९५५ साली एक युक्ती केली आणि ती साधलीही. गंमत अशी, की आज जगभरचे वादक त्या जुन्या भागासाठी किंवा त्याच्या नकलेसाठी पैसे मोजतात ते गुणगुण जावी एवढ्यासाठी नव्हे, तर त्याच्या ‘जुन्या स्वरा’साठी. हा स्वर आला कुठून? आणि आज आपल्या गिटारमध्ये नवा भाग बसवून तो मिळवायचा असेल, तर नेमके काय पाहावे? वर्गात विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवणाऱ्यांना या प्रश्नांतून बरेच काही हाती लागते.

तार, चुंबक आणि वेटोळे

वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले, की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले. बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ च्या सुमारास, अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी याच तत्त्वावर चालणारी गिटार तयार केली. आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, हे नाव पडले. बोशाँला तिचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले.

तारेची कंपने टिपणाऱ्या या भागाला ‘पिकअप’ म्हणतात. त्याची रचना साधी आहे. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो फेरे. चुंबकामुळे पोलादी तार स्वतःच चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातले क्षेत्र त्याच लयीत बदलते आणि तेवढ्याच वारंवारतेचा विद्युतदाब निर्माण होतो. तार नायलॉनची असेल तर हा पिकअप मुका राहतो. मुलांना हे आधी विचारावे आणि कारण त्यांनाच शोधू द्यावे.

वेटोळ्याला मात्र एक गोष्ट कळत नाही. समोरचे क्षेत्र तारेमुळे बदलले की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे, हा भेद त्याला करता येत नाही. दोन्ही आवाज ते सारख्याच इमानाने पुढे पाठवते.

वजा गुणिले वजा

सेथ लव्हर यांचा जन्म १९१० साली मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी झाला. रेडिओ आणि ध्वनिवर्धकांच्या कामात त्यांचा हात बसलेला होता. त्याच गावातल्या गिब्सन या वाद्यनिर्मिती कंपनीत ते काम करत. कंपनीचा तेव्हाचा ‘पी-९०’ हा पिकअप एका वेटोळ्याचा होता, म्हणजेच गुणगुणणारा. लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली आणि ती एकमेकांच्या उलट जोडली. बाहेरून येणारी गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते. जोडणी उलटी असल्याने एकीतला दाब अधिक, तर दुसरीतला वजा. बेरीज शून्य.

पण मग तारेचा आवाजही शून्य व्हायला हवा! इथेच खरी युक्ती आहे. दोन वेटोळ्यांच्या मध्ये खाली एकच पट्टीचुंबक आडवा ठेवला. त्यामुळे एका वेटोळ्यातील लोखंडी खुंट्या उत्तर ध्रुव झाल्या आणि दुसऱ्यातले स्क्रू दक्षिण ध्रुव. तारेच्या कंपनाने दोन वेटोळ्यांत मुळातच विरुद्ध चिन्हांचे दाब निर्माण होतात आणि उलट्या जोडणीमुळे ते एकमेकांत मिळतात. वजा गुणिले वजा बरोबर अधिक. बीजगणिताचा हा नियम कुठे वापरतात, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला देण्यासारखे हे उत्तर आहे.

उलट्या वेटोळ्यांचे तत्त्व तसे नवे नव्हते. १९३० च्या दशकात ते मायक्रोफोनमध्ये वापरले गेले होते. लव्हर यांनी त्याची गिटारसाठी सुटसुटीत रचना केली. जून १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज गेला आणि १९५७ पासून हा पिकअप गिब्सनच्या गिटारींवर बसू लागला. गुणगुणीला विरोध करणारा म्हणून त्याचे नाव ‘हंबकर’. त्याच सुमारास रे बट्स यांनी ग्रेच कंपनीसाठी स्वतंत्रपणे अशीच रचना केली होती. दोघांनाही १९५९ मध्येच पेटंट मिळाले.

हे तत्त्व शाळेत सहज पडताळून पाहता येते. एनॅमल चढवलेल्या बारीक तारेची सारख्या फेऱ्यांची, साधारण हजार फेऱ्यांची, दोन वेटोळी करावीत. प्रयोगशाळेतला ट्रान्सफॉर्मर असलेला बॅटरी एलिमिनेटर शेजारी ठेवून वेटोळ्यांतला प्रत्यावर्ती दाब मल्टिमीटरच्या मिलिव्होल्टमध्ये मोजावा. वेटोळी एका तऱ्हेने जोडली तर दाब दुप्पट भरतो. एकाची टोके अदलाबदल केली की तो जवळजवळ नाहीसा होतो. ‘जवळजवळ’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे त्याचेच काम आहे.

लेबलाची किंमत

१९५७ पासून या पिकअपच्या तळाशी काळ्या रंगाचे एक छोटे लेबल चिकटवले जाई. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, एवढेच लिहिलेले असे. पेटंट मिळाल्यानंतरही १९६२ च्या सुमारापर्यंत तेच लेबल चालू राहिले. त्यानंतर पेटंट क्रमांकाचे लेबल आले, पण त्यावरचा २७३७८४२ हा क्रमांक पिकअपचा नव्हताच. तारा अडकवण्याच्या पट्टीसाठी लेस पॉल यांना मिळालेल्या पेटंटचा तो क्रमांक होता. हंबकरचा खरा क्रमांक २८९६४९१.

आज पहिल्या लेबलाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या पिकअपला ‘पी ए एफ’ म्हणतात आणि त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. वास्तविक ते लेबल गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नाही; ती एक कायदेशीर सूचना होती. ज्या ‘लेस पॉल’ गिटारींवर हे पिकअप होते, त्यांचा तांबूस छटांचा प्रकार १९५८ ते १९६० या काळात सुमारे दीड हजारच बनला. तो पुरेसा खपला नाही, म्हणून कंपनीने त्याची घडण बदलली. पुढे १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी इंग्लंडमध्ये जॉन मेयॉल यांच्या ध्वनिमुद्रिकेत अशीच गिटार मोठ्या आवाजात वाजवली आणि टाकून दिलेल्या त्या रचनेला मागणी आली.

१९७० च्या दशकात वारे उलटे वाहू लागले. वादकांना आणखी जोरकस आवाज हवा होता. लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ याच काळात आला, तर सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ मध्ये उभी राहिली. जुने पिकअप काढून नवे बसवण्याची लाट आली आणि कित्येक पी ए एफ मूळ गिटारींपासून तुटले. काही वर्षांत त्यांचीच नक्कल करण्याची धडपड सुरू झाली. १९८० च्या सुमारास खुद्द गिब्सनने टिम शॉ या तंत्रज्ञाकडे हे काम सोपवले. १९९४ मध्ये डंकन यांनी लव्हर यांच्याच मदतीने त्यांच्या नावाचा पिकअप काढला. त्यानंतर तीन वर्षांनी लव्हर वारले.

अपुरे राहिलेले काम

नक्कल अवघड का? कारण मूळ वस्तूच एकसारखी नव्हती. प्रत्येक वेटोळ्यावर सुमारे पाच हजार फेरे घ्यायचे, पण गुंडाळणारी यंत्रे आपोआप थांबणारी नव्हती. कामगार थांबवेल तिथे फेरे संपत. त्यामुळे एका वेटोळ्यावर काहीशे फेरे जास्त, तर दुसऱ्यावर कमी, असे घडे. चुंबक अल्निकोचे, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे असत. पण त्यातही हाताशी येईल तो प्रकार वापरला जाई.

आता आपल्या प्रयोगातला ‘जवळजवळ’ आठवावा. वेटोळी असमान असतील तर गुणगुण पूर्ण जात नाही. पण त्याचबरोबर उच्च स्वरांचेही एकमेकांशी होणारे खंडन अपुरे राहते आणि आवाज थोडा मोकळा वाटतो. ज्याला आज जुना स्वर म्हणतात, त्याचा एक भाग असा नेमून दिलेले काम पूर्ण न झाल्यातून आला आहे. लव्हर शांतता शोधत होते. इतिहासाने त्यांच्या रचनेतली उणीव जपून ठेवली.

निवडताना काय पाहावे

दुकानात पिकअपची ओळख बहुधा त्याच्या रोधावरून करून देतात. जुन्या हंबकरचा रोध साधारण ७ ते ९ किलोओहम असतो. सुपर डिस्टॉर्शनचा १३ च्या पुढे जातो. म्हणून ७.८ चांगला की ८.४, असा वाद रंगतो. पण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशाला ७.८ भरलेला पिकअप मे महिन्यात ३५ अंशाला ८.४ भरेल. शिवाय तार बारीक घेतली तर फेरे न वाढताही रोध वाढतो. एकट्या रोधावरून स्वर ओळखणे म्हणजे वजनावरून आंब्याची गोडी ओळखणे होय.

स्वराचा रंग ठरतो तो संस्पंदनाने. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि वायरीसह एकूण धारिता मिळून एका ठरावीक वारंवारतेला उठाव देतात. जुन्या हंबकरसाठी प्रवर्तकत्व ४.५ हेन्री धरू. पाच मीटर वायरीची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरडप्रमाणे ५००, अधिक वेटोळ्याची स्वतःची १००. सूत्रात घातले तर उठाव ३,०६० हर्ट्झच्या आसपास येतो. प्रवर्तकत्व ८ हेन्री असेल तर तो २,३०० वर उतरतो आणि आवाज दबका वाटतो. आता पिकअप तोच ठेवून फक्त वायर तीन मीटरची केली, तर उठाव ३,७५० वर चढतो. हे गणित अकरावी-बारावीच्या मुलांना जरूर घालावे.

झाकणही पाहावे. मूळ झाकण जर्मन सिल्व्हरचे होते. त्याची रोधकता पितळेपेक्षा बरीच जास्त, म्हणून त्यात भोवरी प्रवाह कमी निर्माण होतात. पितळी झाकणाने उच्च स्वर मंदावतात. जुनी वेटोळी मेणात बुडवलेली नसत. तशी हुबेहूब नक्कल मोठ्या आवाजात शिट्टी मारू शकते. आवाजाच्या नियंत्रकाचा रोध ५०० किलोओहम आहे का, हेही तपासावे. तो कमी असेल तर संस्पंदनाचा उठाव बोथट होतो. चुंबक मात्र केवळ वयामुळे फारसा क्षीण होत नाही. जुना आहे म्हणून तो गोड झाला, असे समजू नये.

आमचा सल्ला एवढाच, की गिटार जुनी असेल तर आधी वायर आणि नियंत्रक बदलून पाहावेत. पिकअप बदलायचाच ठरला, तर प्रवर्तकत्व, वेटोळ्यांतला फरक आणि झाकणाचा धातू विचारून मगच निवड करावी. आणि काढलेला मूळ पिकअप कागदात गुंडाळून, वर तारीख घालून जपून ठेवावा. १९७० च्या दशकात तो टाकून देणाऱ्या अनेकांना पुढे तोच विकत घ्यावा लागला.