महालाबाहेरची नायिका

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. मराठी अद्भुतरम्य प्रेमकादंबरीचा पाया तो हाच. आपल्या रोजच्या संसारात रंजक काही घडत नाही, ही रिसबुडांची प्रस्तावनेतलीच तक्रार. मग राजपुत्र, राजकन्या आणि संकटांची माळ.

इकडे सातपुड्यात भिल्लांच्या तोंडी याहामोगी आणि राजा पांठा यांच्या कथा चालत आल्या आहेत. महाशिवरात्रीला अक्कलकुवा-धडगावकडची माणसं सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला जातात. बांबूच्या टोपलीत धान्य, सोबत मोहाची दारू. टोपली याहामोगी माउलीपुढे ठेवायची. दुष्काळात लोकांना जगवणारी ही धान्यदेवता.

अशी नायिका नंदुरबारच्या डोंगरात असताना छापील कादंबरी महालांतच रमली, हे मराठी वाचकाचं मोठं नुकसान आहे.