जीवशास्त्राचा अभ्यास आणि आपले रान



मुलाने वा मुलीने जीवशास्त्र घेतले की घरात एकच प्रश्न निघतो: "डॉक्टर होणार ना?" वैद्यकीय प्रवेश हुकला की शिक्षण वाया गेले असे समजून कित्येक हुशार मुले हा विषयच सोडून देतात. वस्तुतः सजीवांचा अभ्यास हा एक स्वतंत्र व मानाचा मार्ग आहे आणि त्याच्या इतिहासात आपल्या परिसरालाही स्थान आहे.

घोडेगावहून शिनोली, डिंभे करीत रस्ता भीमाशंकरला जातो. तेथील शेकरू आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दख्खनच्या प्राण्यांची नोंद करणारे कर्नल साइक्स यांनी १८३१ साली सह्याद्रीतील शेकरूला एल्फिन्स्टनसाहेबांचे नाव दिले. त्या काळी प्राणी मारून त्याचे वर्णन करावे व त्याला नाव द्यावे, एवढ्यावरच अभ्यास बहुधा संपत असे.

जिवंत प्राण्याजवळ बसून त्याचे वर्तन पाहण्याचा धडा डॉ. सालीम अली यांनी घालून दिला. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या पोरक्या मुलाला पुढे विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे प्राणी सर्वेक्षण खात्यातील जागा मिळाली नाही. ते खचले नाहीत. १९२९ साली बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात जाऊन प्रा. स्ट्रेझमान यांच्या हाताखाली ते शिकले. १९३० साली परतले तेव्हा नोकरीही गेली होती. मग किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पसंत करते, मग ते पुरे करून नर दुसरे बांधू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

हीच परंपरा भीमाशंकरला पोचली. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या डॉ. रेनी बोर्जेस यांनी, फळांची टंचाई असताना शेकरू काय खातो याचा शोध घेतला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. आपण लाकूड पोखरणारा म्हणून ज्याला हाकलतो, त्या भुंग्याच्या एका जातीवर डॉ. हेमा सोमनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो आणि केवळ ताऱ्यांच्या उजेडात घरट्याजवळच्या खुणांचे रंग ओळखतो, हे २००८ साली जगापुढे आले. माणसाला त्या उजेडात रंग दिसत नाहीत!

विद्यार्थी मित्रांनो, सालीम अलींची चिकाटी घ्या, पण पदवीची वाट सोडू नका. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत. बी.एस्सी.नंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. पुढे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून संशोधनासाठी शिष्यवृत्तीही मिळू शकते. म्हणजे संशोधनाचा सगळा भार घरावर पडतोच असे नाही.

पालकांनो, मुलगी वहीत पक्ष्यांची नोंद करीत बसली तर ती वेळ दवडते असे म्हणू नका. ज्या भुंग्याला आपण झाडूने हाकलले, त्याच्याकडे कोणीतरी रात्र रात्र जागून पाहिले, म्हणून जगाला नवे ज्ञान मिळाले. पुढच्या वेळी पाहणारे डोळे आपल्याच घरातले असावेत.