घरचे वादक, शनिवारची बैठक

स्मरणिका समितीने मला खरे तर सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर लिहायला सांगितले होते. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला दुसरे काय सांगणार! पण तो हिशेब दरवर्षी अहवालात छापून येतो, ऑडिटर त्यावर सही करतात आणि आपण तो न वाचताच मंजूर करतो. म्हणून समितीची परवानगी घेऊन विषय बदलला. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. तळमजल्यावरचा हॉल शनिवारी संध्याकाळी वाद्यवृंदाकडे ठेवायचा, की तिथे व्यायामाची यंत्रे बसवायची? ठराव मांडणाऱ्यांचा मुद्दा चुकीचा नाही. चार माणसांसाठी एवढा हॉल का अडवायचा, असे ते विचारतात. या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. थोडे म्हणजे दीडशे वर्षे!

त्या काळी शास्त्रीय संगीत होते संस्थानिकांच्या दरबारात, देवळात आणि कोठ्यांवर. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने तंबोरा हातात घेतला की "पोरगा वाया गेला" असे शेजारीपाजारी बोलायचे. मुलींचे तर नावच काढायला नको. गाणे ऐकायची आवड पुष्कळांना होती, पण चारचौघांत शिकायची सोय नव्हती. ही अडचण पहिल्यांदा ज्यांनी मनावर घेतली त्यांत मुंबईचे एक पारशी संपादक होते. 'रास्त गोफ्तार' या गुजराती पत्राचे कैखुश्रू काबराजी. १८७० मध्ये त्यांनी 'गायन उत्तेजक मंडळी' स्थापन केली. वर्गणी भरणारे सभासद, ठरलेली जागा, शिकवायला उस्ताद आणि अधूनमधून सभासदांचे कार्यक्रम, असा तिचा कारभार. सभासद कोण? दिवसा आपापला कामधंदा सांभाळणारी माणसे. आपल्या भाषेत सांगायचे तर ऑफिस सुटल्यावर येणारी मंडळी.

या मंडळीत १८८४ मध्ये चोवीस वर्षांचा एक कॉलेज विद्यार्थी सभासद झाला. वाळकेश्वरला जन्मलेला, बासरीची आणि सतारीची आवड असलेला. त्याचे नाव विष्णू नारायण भातखंडे. पुढे तो वकील झाला, पण मंडळीत येणे सुटले नाही. तिथेच त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे घेतली, अली हुसेन खाँसाहेबांकडून ख्याल घेतले. मग देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या, राग दहा थाटांत लावले. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती त्यांच्याच पुढाकाराने. १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्यामागेही तेच. आज आपल्या सोसायटीतली मुले 'यमनचा थाट कल्याण' असे घडाघडा म्हणतात, त्याची सुरुवात कुठल्या राजवाड्यात झालेली नाही. ती झाली संध्याकाळी भरणाऱ्या एका हौशी मंडळात. हे वाचल्यापासून 'हौशी' हा शब्द कोणी नाक मुरडून उच्चारला की मला राहवत नाही.

पुणेही मागे नव्हते. १८७४ मध्ये बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्या खटपटीतून 'पूना गायन समाज' उभा राहिला आणि पुढे १८८३ मध्ये त्याची शाखा थेट मद्रासला निघाली. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात सुरू केलेला भारत गायन समाज तर आजही चालू आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते कुणा राजाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपल्या इमारतीतली मुले 'प्रारंभिक' आणि 'प्रवेशिका'च्या परीक्षांना बसतात त्या याच मंडळाच्या.

हे झाले शिकण्याचे. पण एकत्र वाजवण्याचे काय? आपले संगीत मुळात एकट्याचे. एक गाणारा किंवा वाजवणारा, साथीला तबला, मागे तंबोरा. रागाचा विस्तार त्याने त्याच क्षणी, मनाने करायचा. दहा जण एकदम मनाने विस्तार करू लागले तर त्याला वाद्यवृंद म्हणत नाहीत, मासळीबाजार म्हणतात!

या प्रश्नाचे सुंदर उत्तर मैहरला मिळाले. मैहर हे मध्य भारतातले छोटेसे संस्थान. तिथले राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या पदरी बाबा अल्लाउद्दीन खाँ होते. १९१८ च्या सुमारास महामारीत गावातली बरीच मुले अनाथ झाली. बाबांनी त्यांना जवळ केले आणि वाद्ये शिकवली. ही कुणा घराण्याची मुले नव्हती. कानावर कधी राग न पडलेली, त्याच गावातली मुले. त्यांच्यातून 'मैहर बँड' तयार झाला. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, जे मिळेल ते. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे 'नलतरंग' नावाचे नवे वाद्यही बाबांनी बनवले. ज्या नळीतून गोळी सुटायची तिच्यातून सूर काढला! वाजवायचे काय, तर बाबांनी रागांत बांधलेल्या छोट्या छोट्या रचना. आधी पक्क्या बसवलेल्या, कुणी कधी वाजवायचे ते ठरलेले. तो बँड शंभर वर्षांनंतरही मैहरला चालू आहे. बाबांचेच शिष्य पंडित रविशंकर १९५२ मध्ये आकाशवाणीच्या दिल्लीतल्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे पहिले संचालक झाले. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी असे शिष्य घडवणाऱ्या माणसाला गावातल्या पोरक्या मुलांना गत शिकवणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता आपल्या हॉलमध्ये येऊ. अकरा वर्षांपूर्वी, गणेशोत्सवाच्या हिशेबाच्या सभेत सहज विषय निघाला की कुणाकुणाच्या घरी वाद्ये आहेत. मोजदाद केली तर तीन विंगमध्ये मिळून सात पेट्या, पाच तबलाजोड्या, दोन सतारी, एक व्हायोलिन, एक मेंडोलिन आणि बासऱ्या किती ते विचारू नका. बहुतेक सगळे कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेले. बँकेच्या भाषेत याला निष्क्रिय खाती म्हणतात. ती पुन्हा चालू करायची असे ठरले आणि पुढच्या शनिवारी नऊ जण आपापले वाद्य घेऊन खाली उतरले.

पहिले भांडण पट्टीवरून झाले. व्हायोलिन कुठेही जुळवता येते. सतार काळी एकच्या फार वर चढवली तर तार तुटते. बासरीची पट्टी मात्र जन्मजात. आपल्या बासरीवाल्यांकडे होती पांढरी तीनची. शेवटी सगळ्यांनी काळी एक धरायची ठरली आणि बासरीवाल्यांनी त्या पट्टीची नवी लांब बासरी आणली. तिच्या भोकांवर बोटे पोचेपर्यंत त्यांचे दोन महिने गेले. तक्रार केली नाही हो त्यांनी! पेटीचाही वाद झालाच. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, हे आक्षेप जुनेच आहेत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आपल्याकडे पेटी वगळली असती तर निम्मी मंडळी घरी बसली असती. त्यामुळे आपली बंदी पाच मिनिटांत उठली.

सुरुवात भूपाने केली. पाचच स्वर, मध्यम आणि निषाद नाहीत, चुकायला जागा कमी. तीनतालातली मध्यलयीची गत भातखंडे पद्धतीने लिहून प्रत्येकाला झेरॉक्स दिली. गत सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग दोन-दोन आवर्तने एकेकाची, पुन्हा गतीवर यायचे आणि शेवटी तिहाई घेऊन सगळ्यांनी एकदम समेवर. ऐकायला सोपे वाटते. पहिले सहा शनिवार आम्ही समेवर वेगवेगळ्या वेळी पोचलो. सातव्या शनिवारी सगळे एकदम आलो आणि कुणी काही बोललेच नाही. दोन मिनिटे सगळे नुसते एकमेकांकडे बघत बसलो. त्यानंतर दुर्गा झाला, देस झाला, यमन झाला. कोजागरीला गच्चीवर आपण सर्वांनी ऐकले आहेच.

नियम तीनच होते. शनिवार साडेपाच म्हणजे साडेपाच. महिना पन्नास रुपये, त्यातून तारा, तबल्याची पुडी आणि चहा. आणि कुणाच्याही चुकीला हसायचे नाही. त्याची वही माझ्याकडे असते. हिशेबाबरोबर मी त्यात हजेरीही लिहितो, जुनी सवय. ती हजेरी चाळताना वृंदाचा खरा इतिहास दिसतो. ए विंगमधल्या काकू यजमान गेल्यावर पंधराव्या दिवशी सतार घेऊन खाली आल्या. काय बोलावे कुणाला सुचेना, तर त्याच म्हणाल्या, "चला, देस घ्या." बारावीच्या वर्षात क्लासमधून सरळ हॉलमध्ये येणारा एक तबलजी आता परदेशी असतो. तो फोनवर आधी तबला कोण वाजवतंय ते विचारतो, मग बाकीची चौकशी. नऊ जणांपैकी दोघे आज हयात नाहीत, तिघे मुलांकडे राहायला गेले. उरलो आम्ही चौघे. सर्वांत लहान सभासद चौसष्ट वर्षांचा आहे.

म्हणून व्यायामशाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. यंत्रे जरूर आणा, ती आम्हालाही लागतील. पण यंत्र कोपऱ्यात चार महिने पडून राहिले तरी पुन्हा चालते. बैठक एकदा मोडली की परत बसत नाही, कारण ती सवयीवर उभी असते. काबराजींच्या मंडळीत काय किंवा मैहरला काय, माणसे आधी कलावंत म्हणून आली नव्हती. जागा होती, वार ठरलेला होता, शिकवणारे कुणी तरी होते, आणि जवळपास राहणारी साधी माणसे येत राहिली. यातले सगळे आपल्याकडे आहे. कमी आहेत ती फक्त येणारी माणसे, आणि ती याच तीन विंगमध्ये राहतात. 'प्रवेशिका' पास झालेली निदान सहा मुले माझ्या माहितीतली आहेत. परीक्षा झाली की त्यांच्या पेट्या परत कपाटावर जातात. पालकांनो, महिन्यातून दोन शनिवार त्यांना खाली पाठवा. आणि तुम्हीही या. वाजवता येत नसेल तर टाळी धरायला या. तीनतालात तीन टाळ्या आणि एक खाली असते, तेवढे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो.

सभेत हात वर करण्याआधी एका शनिवारी साडेपाचला खाली येऊन बसा. सध्या आम्ही राग बागेश्री बसवतो आहोत. बासरीची जागा रिकामी आहे. काळी एकची ती लांब बासरी मात्र हॉलच्या कपाटात आहे, त्यांच्या घरच्यांनी ती वृंदाला दिली आहे.