चर्च ऑफ नॉर्थ इंडिया

उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट पंथांचे संयुक्त चर्च. स्थापना : नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, मेथडिस्ट (ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परिषदा) आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या सहा चर्चचे हे एकीकरण. त्याच्या वाटाघाटी १९२९ मध्ये सुरू झाल्या होत्या. बाप्तिस्मा तान्ह्या बालकांनाही द्यावा, की स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच, हा कळीचा वाद होता. संयुक्त चर्चने दोन्ही प्रथा ग्राह्य मानल्या. मात्र पवित्र शास्त्राचे प्रामाण्य तसेच प्रेषितांचा व नायसीन मतांगीकार हा समान पाया ठेवला. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐनवेळी बाहेर राहिले. मूळ श्रद्धेत ठामपणा आणि प्रथाभेदांत बंधुप्रीती, हेच या प्रयोगाचे खरे मोल होय.