उन्हाळी वारा, भरती आणि रत्नागिरीच्या खाड्या
घाटातून कोकणात उतरणाऱ्या पक्क्या सडका होण्यापूर्वी रत्नागिरी जिल्ह्याचा व्यापार बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये आणि पूर्णगड येथील खाड्यांतून चाले, आणि त्याचे वेळापत्रक वारा व भरतीच ठरवीत. चैत्र-वैशाखात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा गलबतांना खाडीबाहेर काढी, तर दुपारी तापलेल्या जमिनीकडे झेपावणारा खारा वारा, जो या किनाऱ्यावर बहुधा वायव्येचा असतो, त्यांना परत आणी. दिवस कलताना हा वारा इतका जोर धरी की लहान होड्या दुपारनंतर मुखाबाहेर पडण्याचे टाळीत.

वाऱ्यापेक्षाही कडक शिस्त पाण्याची होती. काजळी नदीच्या मुखाशी, राजिवडा आणि भाट्ये यांच्यामध्ये, वाळूचा दांडा साचतो. त्यावरून भरलेले पडाव, म्हणजे मालवाहू शिडाच्या नावा, भरतीच्या वेळीच आत घेता येत. वाशिष्ठी नदीतून चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत जाणारा मालही भरतीच्याच पाण्यावर चढे, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या कमी भरतीच्या दिवसांत तांडेलाला, म्हणजे नावेच्या प्रमुखाला, खोळंबावे लागे. बाष्पशक्तीने वाऱ्याची सक्ती संपवली, पण पावसाळ्याची नाही: मुंबईहून येणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात या बंदरांना लागत नसत.

त्यामुळे आगोटीपूर्वी, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी, बेगमीचा माल उतरवण्याची घाई उडे आणि मग नावा किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. आजची शासकीय मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे. जुना रिवाज बहुतेक वर्षी तिच्याहून लांबच पडे.