प्राध्यापक गज्जरांची प्रयोगशाळा

एखाद्या प्राध्यापकाने कॉलेज सोडून कंपनी धरली, की ‘पैशामागे गेला’ हा शेरा आपल्याकडे ठरलेला असतो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३-१९२०) यांच्या आयुष्याला तो लावून पाहावा.

सुरतेचे गज्जर बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन काढले, त्यामागची मुख्य प्रेरणा गज्जरांची आणि पहिला कारभारही त्यांच्याच हाती. (दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी.) त्या काळी जर्मनीतून येणाऱ्या कृत्रिम रंगांनी इथल्या रंगाऱ्यांची पंचाईत केली होती. मंजिष्ठेची कृती बापाकडून मुलाकडे येई. डब्यातून आलेल्या रंगाची कृती घरात कोणालाच ठाऊक नव्हती. गज्जरांनी रंगशास्त्र शिकवायला घेतले आणि धंदेशिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला. कॉलेजचे वेतन घेत असतानाच हा माणूस अर्धा बाजारात उभा होता, असे माझे मत आहे. पुढे जे घडले ते पक्षांतर नव्हे.

मग ते मुंबईला विल्सन कॉलेजात आले. ऑक्टोबर १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. इतरांचे उपाय थकल्यावर तो डाग काढला गज्जरांनी, आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. हा पुतळा मुळात खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून उभा राहिला होता. तो स्वच्छ करणाराही बडोद्याहूनच आलेला निघावा, हा योगायोग गमतीचा. डांबर फासणाऱ्या दामोदर चापेकरांना पुढे रँडच्या खुनासाठी फाशी झाली. रसायनशास्त्रज्ञाला कीर्ती मिळावी ती राणीचा चेहरा उजळून, ही गोष्ट त्या काळाबद्दल बरेच सांगते. वर्गातल्या वर्षानुवर्षांच्या अध्यापनाने ती मिळाली नव्हती.

गज्जरांनी मुंबईत स्वतःची ‘टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी’ काढली. मोती उजळण्याच्या प्रक्रियेने त्यांना पैसाही दिला. पण या खासगी प्रयोगशाळेत शिकवणे थांबले नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या कथेतला कळीचा भाग हाच आहे. संस्थानाची शाळा राजाच्या मर्जीवर आणि खजिन्यावर चाले. कॉलेजला परीक्षेपुरते रसायन पुरे होते. विद्यार्थ्याने पदवीनंतर करायचे काय, याचे उत्तर दोन्हीकडे तोकडे होते. वकिली किंवा सरकारी नोकरी, एवढेच.

त्यांच्या दोन शिष्यांनी, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी, गुरूच्या साथीने १९०७ मध्ये ‘अलेम्बिक केमिकल वर्क्स’ सुरू केले. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे जुने भांडे. कोटीभास्करांचे नाव आज मराठी वाचकांनाही फारसे आठवत नाही. पुतळ्याची गोष्ट मात्र गज्जरांच्या प्रत्येक चरित्रलेखात सापडते. अमीनांनी कारखाना वाढवला. तो रुजला बडोद्यात, कलाभवनाच्याच गावी.